हाताचा कंप आणि शटरची मुदत



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी कित्येकांना नवल वाटले असेल. कामगार युनियनच्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाईभत्त्यावर बोलावे. कॅमेऱ्याच्या शटरवर बोलण्याचा त्याला अधिकार काय? प्रश्न रास्त आहे. आम्ही छायाचित्रकार नाही. आमचे शाळेतले शिक्षण सातवीत थांबले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत आणि गावच्या वाचनालयात झाले. परंतु गेली तीस वर्षे आमच्या टेबलावर अर्जांबरोबर छायाचित्रेही येत आली आहेत. फळ्यावर डकवलेली नोटीस, हजेरीपटाचे पान, मोडक्या शिडीची पायरी, भिंतीतून लोंबणारी उघडी तार, अशी ती छायाचित्रे. पूर्वी ती कागदावर येत, आता मोबाईलच्या काचेवर येतात. आणि त्यांतली बरीचशी आम्हांला बाजूला ठेवावी लागतात. कारण नोटिशीवरची तारीख वाचता येत नाही, हजेरीपटावर खूण आहे की डाग आहे हे सांगता येत नाही. साक्षीदार वेळेवर हजर झाला, पण त्याची बोबडी वळली, असा हा प्रकार.

अशा वेळी घेणारा म्हणतो, ‘कॅमेरा हलका होता हो!’ नाचता येईना अंगण वाकडे, असे म्हणून त्याची चेष्टा करण्याचा आमचा हेतू नाही. कारण त्याला कोणी नाचायला शिकवलेलेच नसते. बटण दाबले की चित्र मिळते एवढेच त्याला सांगितलेले असते. आज आम्ही जे सांगणार आहोत ते एवढेच, की हात हलणे हा गुन्हा नाही, तो देहाचा धर्म आहे; मात्र तो किती हलतो याचा हिशेब ठेवून शटरची मुदत निवडता येते. हा हिशेब चौथीच्या अपूर्णांकांच्या पलीकडचा नाही.

प्रथम शटर म्हणजे काय ते पाहू. कॅमेऱ्याच्या पोटात फिल्म असते, किंवा हल्लीच्या कॅमेऱ्यात सेन्सर असतो. त्याच्यावर प्रकाश किती वेळ पडू द्यायचा हे ठरवणारा दरवाजा म्हणजे शटर. लोक त्याच्या ‘वेगा’विषयी बोलतात, पण खरे पाहता ती मुदत आहे, दार उघडे राहण्याची मुदत. तिचे आकडे ठरलेले आहेत: १ सेकंद, मग १/२, १/४, १/८, १/१५, १/३०, १/६०, १/१२५, १/२५०, १/५००, १/१०००. प्रत्येक पायरीला मुदत सुमारे निम्मी होते. कॅमेऱ्यावर पुष्कळदा नुसता खालचा आकडा छापलेला असतो, त्यामुळे ६० पेक्षा २५० मोठे वाटते. पण ते सेकंदाचे वाटे आहेत, वाटेकरी वाढले की वाटा लहान होतो, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला सांगायला नको.

थेंबे थेंबे तळे साचे, तसा दार उघडे असेपर्यंत प्रकाश साचत राहतो. भरपूर उन्हात तळे क्षणात भरते. अंधाऱ्या खोलीत ते भरायला वेळ लागतो. अडचण अशी, की जितका वेळ दार उघडे, तितका वेळ आपला हात हलायला मोकळा. दार बंद होईपर्यंत बिंब जितके सरकले, तितकी चित्रातली प्रत्येक रेघ फासली जाते.

हा त्रास जुन्या लोकांना नव्हता. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली तेव्हा मुदत मिनिटांत मोजावी लागे. कॅमेरा हातात धरण्याचा प्रश्नच नव्हता, तो तिकाटण्यावर असे. पुढे मुदत सेकंदांवर आली तरी बसणाऱ्या माणसाची मान हलू नये म्हणून पाठीमागे लोखंडी आधार लावीत. १९०८ सालापासून अमेरिकेत लुईस हाइन नावाच्या गृहस्थाने बालमजुरीविरोधी राष्ट्रीय समितीसाठी सूतगिरण्यांतल्या, काचकारखान्यांतल्या, खाणींतल्या पोरांची छायाचित्रे घेतली. पेटीसारखा अवजड कॅमेरा, तिकाटणे आणि भडका उडवणारी दारू एवढा सरंजाम घेऊन तो गिरणीत शिरे. मुलांची उंची आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून मनात मोजी आणि वही खिशात ठेवून टिपणे करी. ती चित्रे आज शंभर वर्षांनंतरही इतकी स्वच्छ आहेत की सूत कातणाऱ्या मुलीच्या मागची चात्यांची ओळ डोळ्यांपुढे उभी राहते. अमेरिकेत बालमजुरीला आळा घालणारा टिकाऊ राष्ट्रीय कायदा १९३८ साली झाला. तो एकट्या हाइनने आणला असे आम्ही म्हणणार नाही. पण त्याच्या साक्षीपुढे ‘मुले इतकी लहान नव्हती’ असे म्हणणे कठीण झाले, एवढे नक्की.

१९२५ साली जर्मनीत लायका कॅमेरा बाजारात आला. ऑस्कर बार्नाक या यंत्रज्ञाने तो रचला होता. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म त्यात वापरत आणि चित्र २४ गुणिले ३६ मिलिमीटरचे, म्हणजे पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढे, पडे. हा कॅमेरा खिशात मावू लागला आणि तिकाटणे सुटले. ही मोठीच मुक्ती होती. पण तिकाटणे सुटले तसा त्याचा आधारही सुटला, आणि हाताचा कंप चित्रात उतरू लागला. स्वातंत्र्याबरोबर जबाबदारी येते असे आपण सभांतून ऐकतो. इथे ती मिलिमीटरांत मोजता येते.

आपण मोजूनच पाहू. माणूस कितीही स्तब्ध उभा राहिला तरी हृदय धडधडते, छाती वरखाली होते, स्नायू ताणलेले असले की बारीक थरथरतात. समजा या सगळ्यामुळे कॅमेरा सेकंदाला एक अंश या गतीने वळतो आहे. एक अंश म्हणजे घड्याळाच्या मिनिटकाट्याच्या दोन घरांमधल्या जागेचा सहावा हिस्सा, फार नव्हे. आता कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरचे भिंग आहे. हा ५० चा आकडा म्हणजे भिंगाचे नाभीय अंतर. आकडा जितका मोठा तितकी लांबची वस्तू जवळ ओढली जाते. मुदत १/६० सेकंद ठेवली, तर तेवढ्या वेळात फिल्मवरचे बिंब सुमारे ०.०१५ मिलिमीटर सरकते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या जमान्यात ०.०३ मिलिमीटरपर्यंतची फासलेली रेघ साध्या छापील चित्रात डोळ्याला स्वच्छ वाटते असे धरून चालत. म्हणजे आपण हद्दीच्या आत आहोत. आता मुदत १/१५ केली, तर बिंब चौपट, ०.०६ मिलिमीटर सरकले, हद्द ओलांडली. बरे, मुदत १/६० च राहू द्या, पण भिंग २०० मिलिमीटरचे लावा. पुन्हा तेच ०.०६ मिलिमीटर. कारण दूरची वस्तू चौपट जवळ ओढणारे भिंग आपल्या हाताचा कंपही चौपट वाढवते. दुरून डोंगर साजरे, ही म्हण इथे शब्दशः खरी आहे!

यातूनच जुन्या छायाचित्रकारांनी एक सोपा नियम बांधला: भिंगाचा जो आकडा, तोच सेकंदाच्या अपूर्णांकाखाली लिहावा, आणि मुदत त्यापेक्षा जास्त ठेवू नये. भिंग ५० चे, तर १/५०, म्हणजे जवळची पायरी १/६०. भिंग १०० चे, तर १/१२५. भिंग २०० चे, तर १/२५०. भिंग २८ चे, तर १/३० चालेल. हा नियम पाठ करायला एक मिनिट लागते.

परंतु नियम पाठ करणाऱ्याने त्याची कलमे आणि पोटकलमेही वाचली पाहिजेत. युनियनच्या कामात आम्ही हेच शिकलो. या नियमाला तीन पोटकलमे आहेत.

पहिले असे, की हा नियम २४ गुणिले ३६ मिलिमीटरच्या चित्रासाठी आहे. आजच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत सेन्सर त्याहून लहान असतो. लहान सेन्सर चित्राचा मधला भाग तेवढा घेतो आणि तोच मोठा करून दाखवतो. त्याबरोबर कंपही मोठा होतो. कंपनीप्रमाणे हा गुणक १.५ किंवा १.६ असतो. तेव्हा अशा कॅमेऱ्यावर ५० च्या भिंगाला ७५ किंवा ८० समजावे आणि मुदत १/८० च्या आत ठेवावी.

दुसरे असे, की हा नियम हातभर अंतरावरून पाहायच्या छापील चित्रासाठी आहे. आपण मात्र मोबाईलच्या काचेवर दोन बोटांनी चित्र ताणतो आणि नोटिशीच्या तळाची सही वाचू पाहतो. जिथे चित्र ताणून अक्षर वाचायचे आहे, तिथे नियमाने येणारी मुदत निम्मी करावी, जमल्यास पाव करावी. शिवाय कागद अगदी जवळून टिपताना कॅमेरा नुसता वळतो असे नाही, तो डावीउजवीकडे झुलतोही. आणि जवळच्या वस्तूला तो झोकाही नडतो.

तिसरे पोटकलम आपल्या हाताचे. सर्वांचे हात सारखे नसतात. आठ तास माग चालवून आलेल्या माणसाचा हात, जिना चढून धापा टाकणाऱ्याचा हात, आणि आमच्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्याचा हात, यांना एकच आकडा लागू पडणार नाही. तो ज्याने त्याने शोधावा. कसा, ते शेवटी सांगतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. फासलेले चित्र पाहून आपण ‘हलले’ असा एकच शेरा मारतो. पण चौकशी न करता शिक्षा देणे आम्हांला मान्य नाही. चित्र फासण्याचे तीन आरोपी असतात, आणि तिघांच्या खुणा वेगळ्या असतात. चित्रातले सगळेच, भिंत, दार, जमीन, माणूस, एकाच दिशेला ओढल्यासारखे दिसत असेल, तर दोष हाताचा. भिंत आणि दार स्वच्छ असून फक्त माणूस किंवा चाक फासले असेल, तर हात निर्दोष. ती वस्तूच हलत होती. आणि रेघा एका दिशेला न ओढता धुक्यासारख्या सगळीकडून विरघळल्या असतील, आणि मागची किंवा पुढची दुसरी एखादी वस्तू मात्र ठसठशीत असेल, तर भिंगाची नजरच चुकीच्या ठिकाणी लागली होती; त्याला शटर काय करणार?

हा भेद किती महत्त्वाचा आहे याचे एक उदाहरण देतो. गोष्ट २०१४ सालची. एका यंत्रमाग शेडमध्ये चाक आणि पट्टा यांच्यावरची जाळी काढून माग चालवीत. एके दिवशी एका कामगाराच्या सदऱ्याची बाही पट्ट्यात ओढली गेली. हात वाचला, पण दोन बोटे चांगलीच चेचली. तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २१ व्या कलमात यंत्राच्या धोकादायक फिरत्या भागांना आडोसा घालण्याची सक्ती होती. तक्रार झाली. मालकाच्या बाजूने उत्तर आले, की जाळी साफसफाईपुरती काढली होती आणि त्या वेळी माग बंद होता. कामगाराने नसती हालचाल केली.

आमच्याकडे त्या मागाची तीन छायाचित्रे आली, तीन वेगवेगळ्या पोरांनी अपघाताच्या आधीच्या आठवड्यात घेतलेली. पहिले मोबाईलचे. त्यात चाक फासलेले होते. पण भिंत, खांब आणि खिडकीही त्याच दिशेला फासलेल्या होत्या. चाक फिरत होते की हात, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. दुसरे चांगल्या कॅमेऱ्याने, झगझगीत फ्लॅश उडवून घेतलेले. ते इतके सुरेख होते की चाकाचा आरा न् आरा मोजून घ्यावा. पण हिशेब करा: असे चाक सेकंदाला दोन फेरे घेत असेल आणि त्याचा व्यास ४० सेंटिमीटर असेल, तर त्याची कड सेकंदाला अडीच मीटर धावते. फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाइतका; तेवढ्यात कड अडीच मिलिमीटर सरकली. चित्रात चाक ठार उभे दिसत होते! म्हणजे आमच्या बाजूचे सर्वांत देखणे छायाचित्र मालकाच्या बाजूने साक्ष देत होते.

तिसरे एका शांत डोक्याच्या मुलीने घेतलेले. ती कांडी भरण्याच्या खात्यात काम करी. तिने फ्लॅश वापरला नव्हता. २८ चे भिंग, मुदत १/३०, दोन्ही कोपर अंगाशी धरलेले. त्या चित्रात भिंत स्वच्छ, मागाचा सांगाडा स्वच्छ, खिळ्याला टांगून ठेवलेली जाळी स्वच्छ, भिंतीवरचा मागाचा नंबर वाचता येत होता. आणि चाकाचे आरे मात्र विरघळून गेले होते. १/३० सेकंदात चाकाची कड आठ सेंटिमीटर पुढे गेली होती. हात स्थिर होता याची साक्ष भिंत देत होती, आणि माग चालू होता याची साक्ष चाक देत होते. जाळी खिळ्यावर, आणि माग चालू. चौकशीत यावर फारशी उलटतपासणी झाली नाही. त्या शेडमध्ये जाळ्या बसल्या.

यावरून ध्यानात येईल की ‘मुदत जितकी लहान तितके चित्र चांगले’ हा समज अर्धाच खरा आहे. हाताच्या बाजूने पाहिले तर लहान मुदत नेहमीच चांगली. पण वस्तूच्या बाजूने पाहताना विचारावे लागते, की आपल्याला काय दाखवायचे आहे? सहज चालणारा माणूस ताशी पाच किलोमीटर जातो. १/३० सेकंदात तो साडेचार सेंटिमीटर पुढे सरकतो, १/२५० मध्ये अर्धा सेंटिमीटर. मोर्चातले चेहरे ओळखू यायला हवे असतील तर १/२५० घ्यावे. ताशी साठ किलोमीटरने जाणारी गाडी १/६० मध्ये २८ सेंटिमीटर पळते. तिचा नंबर वाचायचा तर १/१००० कडे जावे. आणि चालू यंत्र चालू दाखवायचे तर मुदत लांबवावी, पण हाताच्या नियमाच्या आतच.

आता कोणी म्हणेल, मुदत लहान करा म्हणणे सोपे आहे. शेडमध्ये दिवसा दिवे लावावे लागतात, तिथे प्रकाश कोठून आणायचा? मुदत निम्मी केली की प्रकाश निम्मा साचतो, ही तूट दुसरीकडून भरून काढावी लागते. भरून काढण्याची खाती तीन. पहिले खाते भिंगाच्या छिद्राचे. त्याचे आकडे २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे असतात. आकडा लहान तितके छिद्र मोठे, आणि एक पायरी खाली आले की प्रकाश दुप्पट. दुसरे खाते सेन्सरच्या किंवा फिल्मच्या संवेदनशीलतेचे, म्हणजे आयएसओचे. ४०० चे ८०० केले की निम्म्या प्रकाशात भागते. तिसरे खाते प्रत्यक्ष प्रकाशाचे: खिडकी उघडा, कागद दारात आणा, आणखी एक दिवा लावा. फुकटचे खाते हेच, आणि लोक त्याकडेच सर्वांत शेवटी वळतात.

लख्ख उन्हात तर काही चिंताच नाही. छिद्र १६ वर आणि आयएसओ १०० असेल, तर मुदत सुमारे १/१२५ येते. छिद्र ५.६ पर्यंत उघडले, म्हणजे तीन पायऱ्या, की मुदत १/१००० पर्यंत खाली येते. कसोटी लागते ती आत. तिथे पुष्कळजण आयएसओ वाढवायला भितात, कारण चित्रात रवा दिसतो, दाणेदारपणा येतो. आम्ही त्यांना सांगतो, की रवाळ नोटीस वाचता येते, हललेली वाचता येत नाही. जाड्याभरड्या कापडाचा सदरा अंगावर घालता येतो. फाटलेला तलम सदरा काय कामाचा? तेव्हा आयएसओ ८००, १६००, ३२०० करावा, पण मुदत हातून सुटू देऊ नये.

इथे एक बारकावा. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि काही एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही. पण मुदत फार लहान ठेवली तर मोबाईलच्या चित्रात आडवे काळे पट्टे उमटतात आणि नेमकी नोटिशीची एक ओळ त्यात बुडते. अशा दिव्याखाली १/१०० किंवा १/५० ही मुदत सोयीची.

हिशेब झाला, आता हाताचे काम. पाय खांद्याइतके फाकून उभे राहावे. कोपरे हवेत पंखांसारखी ठेवू नयेत, बरगड्यांना टेकवावीत. डावा तळवा भिंगाखाली द्यावा. अर्धा श्वास सोडून क्षणभर थांबावे आणि बटण दाबण्यापेक्षा ते हलकेच पिळावे. उतावळा माणूस बटणावर बोट आपटतो आणि साऱ्या हिशेबावर पाणी पाडतो. जवळ खांब असेल तर खांबाला टेकावे, टेबल असेल तर कोपर टेकवावे, पोते असेल तर त्यावर कॅमेरा ठेवावा. मात्र चालू मागांच्या शेडमध्ये आधी भिंतीला हात लावून पाहावा. तिथे जमीन आणि भिंत दोन्ही थरथरत असतात. टेकलात तर मागाचा कंप कॅमेऱ्यात येतो. अशा जागी आपले स्वतःचे दोन पाय आणि सैल सोडलेले गुडघे बरे. कॅमेऱ्याच्या बुडाशी तिकाटण्याचा आटा असतो. त्यात एक स्क्रू बसवून सुतळी बांधावी, दुसरे टोक पायाखाली दाबावे आणि कॅमेरा वर ओढून सुतळी ताठ धरावी. चार आण्यांच्या सुतळीत हाताला पुष्कळ स्थैर्य येते. आणि एकाच वेळी तीनचार चित्रे लागोपाठ घ्यावीत. बोट दाबताना आणि उचलताना कंप जास्त असतो, त्यामुळे मधले चित्र पुष्कळदा स्वच्छ निघते.

आपल्यापैकी तरुण मंडळी आता विचारतील, की हल्ली कॅमेऱ्यातच कंप मारणारी यंत्रणा असते, मग हा खटाटोप कशाला? खरे आहे. १९९५ साली कॅनन कंपनीने बदलता येणाऱ्या भिंगात अशी यंत्रणा प्रथम आणली. हात डावीकडे वळला की आतले एक भिंग तितकेच सरकून बिंब जागेवर धरते. आता ती मोबाईलमध्येही आली आहे. तीन पायऱ्यांचा लाभ धरला तर मुदत आठपट लांबवता येते: २०० च्या भिंगाला १/२०० ऐवजी १/२५ चालते. शोध मोठा आहे, आम्ही त्याला कमी लेखत नाही. पण ही यंत्रणा आपला हात सांभाळते, समोरच्या माणसाचा नाही. १/२५ मध्ये भिंत स्वच्छ येईल आणि बोलणाऱ्या माणसाचे तोंड फासेल. मोबाईल तर अंधारात आपल्याला न विचारता मुदत लांबवतो, पुष्कळ चित्रे घेतो आणि त्यांची एकमेकांवर घडी घालतो. घडी जमली तर छान, हलत्या वस्तूवर ती विस्कटते. ज्या मोबाईलमध्ये ‘प्रो’ म्हणून सोय आहे, तिथे मुदत आपल्या हाताने लावावी. मोबाईलचे मुख्य भिंग जुन्या हिशेबाने २४ ते २८ मिलिमीटरसारखे असते. कागदासाठी १/६० किंवा १/१२५ लावावे. आणि दोन बोटांनी चित्र जवळ ओढण्यापेक्षा दोन पावले पुढे जावे. पाय हेच गरिबाचे दुर्बिणीचे भिंग.

एक आक्षेप राहिला. जाणकार म्हणतात, की हललेली चित्रेही थोर असतात. रॉबर्ट कापाने ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर गोळीबारात घेतलेली चित्रे फासलेली आहेत, तरी जग त्यांना नावाजते. आम्हीही नावाजतो. त्या चित्रांत लाटा, धूर आणि पाण्यातून पुढे सरपटणारा शिपाई आहे. तिथला कंप हाच त्या घटकेचा पुरावा आहे. पण त्या चित्रातून कोणाला पगाराचा आकडा वाचायचा नव्हता. कलेला जे शोभते ते तक्रार अर्जाच्या जोडपत्राला शोभेलच असे नाही.

आता आपल्या हाताचा आकडा शोधण्याची रीत. उद्या सकाळी घरी भिंतीवर वर्तमानपत्राचे एक पान टाचा. दीड मीटरवर उभे राहा. १/१२५ वर पाच चित्रे घ्या, मग १/६० वर पाच, १/३० वर पाच, १/१५ वर पाच. सगळी सारखीच ताणून पाहा आणि बारीक अक्षर वाचता येणारी मोजा. ज्या मुदतीवर पाचांपैकी चार वाचता येतात, तो आपला आकडा. तो वहीत लिहून ठेवा. दिवसभराचे काम करून आल्यावर संध्याकाळी पुन्हा मोजा. तो एखाद्या पायरीने घसरलेला असला तर लाज वाटू देऊ नका, हिशेबात धरा. घरात कॅमेरा एकच असेल तर सर्वांनी मोजा. बायकांचा आणि मुलांचा आकडा घरच्या कर्त्या पुरुषापेक्षा चांगला निघाला, असे आम्ही अनेक घरांतून पाहिले आहे. तेव्हा महत्त्वाचे छायाचित्र कोणी घ्यायचे हे मानावरून न ठरवता वहीवरून ठरवा.

हे सारे आम्ही आमच्या सभासदांना दरसाल सांगतो, कारण त्यांच्यावर वेळ सांगून येत नाही. नोटीस सकाळी लागते आणि दुपारी काढली जाते. मोडकी शिडी अपघातानंतर तासाभरात अडगळीत जाते. त्या तासाभरात ज्याच्या हाती कॅमेरा आहे त्याला पुस्तक उघडायला सवड नसते; त्याच्या बोटांत आकडा आधीच असावा लागतो. आपल्यापैकी सगळे कामगार नाहीत. पण सातबाऱ्याचा उतारा, दवाखान्याची चिठ्ठी, नळाचे गढूळ पाणी, शाळेची तडकलेली भिंत यांची छायाचित्रे घेण्याची पाळी प्रत्येकावर येते. ती घेताना भिंगाचा आकडा आठवा, मुदत त्याच्या आत ठेवा, कोपरे अंगाशी घ्या. आणि जागा सोडण्यापूर्वी चित्र एकदा ताणून त्यातले सर्वांत बारीक अक्षर वाचून पाहा. वाचता आले नाही तर तिथेच, त्याच क्षणी दुसरे घ्या.